सुटी बोटं

बाळाची दोन बोटं जन्मतः जुळलेली असली की घरातल्या मोठ्यांचा पहिला सवाल सुनेला असतो: ग्रहणात विळीवर बसली होतीस का? मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते. ओळखीपाळखीतून असे फोन मला येतात आणि दर वेळी चीड येते. सातव्या महिन्यातलं ग्रहण उकरून काढून त्या पोरीला रडवलेलं असतं. बोटांचा निकाल तर डोहाळजेवणाच्या कितीतरी आधी लागून गेलेला असतो.

गर्भधारणेनंतर २६-२७ दिवसांनी, गर्भ जेमतेम ४ मिलिमीटरचा असताना, त्याच्या कुशीवर हाताची कळी उगवते. पायाची एक-दोन दिवस मागाहून. पुष्कळ बायकांची पाळी तेव्हा नुकती कुठे लांबलेली असते. ८व्या आठवड्याच्या अखेरीस खांदा, कोपर, मनगट, बोटं सगळं जागेवर आलेलं असतं. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्या हिशेबानं हा १०वा आठवडा.

बोटं सुटतात कशी, ते पाहण्यासारखं आहे. आधी हाताची नुसती चपटी पाटी असते. तिच्यात कूर्चेच्या पाच रेषा उमटतात आणि मधल्या जागा पेशींनी भरलेल्या असतात. मग त्या मधल्या पेशी मरतात. ठरल्या वेळी, आपणहून, कुठेही सूज न आणता. त्यांचे अवशेष भक्षक पेशी साफ करतात. बदकाच्या पायात ग्रेमलिन नावाचं प्रथिन हा मरणाचा निरोप अडवून धरतं, म्हणून तिथे पडदा राहतो. जुळलेल्या बोटांच्या बाळात हे सुटण्याचं काम अर्धवट राहिलेलं असतं. कधी ते घराण्यातूनच आलेलं असतं. म्हणून मी फोनवर सांगते, बाळाच्या वडिलांच्या, आजोबांच्या पायाची दुसरी-तिसरी बोटं जरा नीट बघा.

कळीला वाढायचं किती, हे कोण सांगतं? जॉन साँडर्स या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९४८ मध्ये कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडून, आतल्या गर्भाच्या पंखाच्या कळीवरची त्वचेची बारीकशी कड कापून काढली. लवकर कापली तर पंख दंडापाशीच थांबला. उशिरा कापली तर मनगटापर्यंत आला, बोटं मात्र नाहीत. म्हणजे हात खांद्याकडून बोटांकडे घडत जातो आणि ती कड शाबूत आहे तोवरच. पुढे १९६८ मध्ये त्यांनी आणि मेरी गॅसेलिंग यांनी कळीच्या मागच्या काठाचा, म्हणजे आपल्या करंगळीकडच्या बाजूचा, तुकडा पुढच्या काठाला लावला. पंखाला बोटांचा आणखी एक संच फुटला, आरशात दिसावा तसा उलटा. या तुकड्यातून जो निरोप निघतो त्याचं प्रथिन १९९३ मध्ये सापडलं. त्याचं नाव सॉनिक हेजहॉग, एका व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून ठेवलेलं. ते कुठे चालू व्हायचं हे ठरवणारा डीएनएचा तुकडा त्या जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरं दूर आहे. त्यातलं एखादंच अक्षर बदललं तरी अंगठ्याच्या बाजूला जास्तीचं बोट येऊ शकतं. सहाव्या बोटाला भाग्याचं म्हणणारे आणि जुळलेल्या बोटांना पाप म्हणणारे, दोघांनीही हे एकदा ऐकावं.

बाहेरून काहीच बिघडू शकत नाही, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं. गरोदर बायकांनी ते मळमळीवर घेतलं. १९६१च्या नोव्हेंबरात तिथे ते मागे घेतलं, तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक मुलं बाधित झाली होती; कित्येकांचे पंजे थेट खांद्याला चिकटलेले. धोक्याचे दिवस साधारण २०व्या ते ३६व्या दिवसापर्यंतचे, म्हणजे कळ्या उगवण्याचेच. म्हणून पाळी चुकली असेल तर औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणू नका, हे मी वर्गात आणि घरात सारख्याच जोरानं सांगते. सासूबाईंनी लक्ष ठेवायचंच तर तिथे ठेवावं.

आणि एक गोष्ट फोनवर कुणी विचारत नाही, ती मीच सांगते. बाळाचा अंगठा लहान, बारीक किंवा नसलेला दिसला तर फक्त हाताचा एक्स-रे पुरत नाही. टू-डी एको करून घ्या. हृदयाचे कप्पे आणि हाताची कळी एकाच सुमारास घडतात आणि टीबीएक्स-५ हे जनुक दोन्हीकडे काम करतं; त्यात दोष असला तर अंगठ्याबरोबर हृदयाच्या पडद्यातही छिद्र असू शकतं. बाळ वरून ठणठणीत दिसत असतं, दूध पीत असतं, म्हणून ही तपासणी पुढे ढकलली जाते. मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि रक्ततपासणीही त्याच वेळी उरकावी. हाताची शस्त्रक्रिया थोडी थांबू शकते.