आतला ओलावा

वसईचा पाऊस छत्रीने अडवता येतो. त्याचा ओलावा मात्र कशानेच अडत नाही. पावसाळा लागला की डब्यातल्या मिठाला पाणी सुटते, पुस्तकांची पाने फुगतात, कपाट उघडताच बुरशीचा वास येतो. मोटारगाडी म्हणजे तरी काय, चार चाकांवरचे बंद कपाटच! ती जुनी असली तर विचारायलाच नको.

आमच्या धर्मग्रामाची गाडी अशीच वयस्क आहे. पंधरा वर्षांची नोंदणी संपून पुढील पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण झाले आहे. इंजिन निरोगी आहे. वातानुकूलन मात्र नाही. गेल्या पावसाळ्यात तिच्या काचा पाच मिनिटांत दुधाळ होऊ लागल्या. एका रात्री एका आजाऱ्याच्या घरी निघालो होतो. गाडीत आम्ही चौघे, पायाशी निथळत्या छत्र्या. शेजारी बसलेले गृहस्थ रुमालाने काच पुसत होते आणि ती पुन्हा पुन्हा धूसर होत होती. रस्त्याच्या कडेने काळी छत्री घेऊन कोणी चालले होते. ती आकृती दिसली तेव्हा अंतर फार थोडे उरले होते. गाडी थांबवली, काचा खाली केल्या आणि समोरचे नीट दिसू लागल्यावरच पुढे निघालो. घरी आजारी माणूस वाट पाहत असतो हे खरे. पण रस्त्यावरून चालणाऱ्याचीही घरी कोणी वाट पाहत असते.

हे धुके येते कोठून? ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. २० अंशांच्या हवेत जेमतेम १७ ग्रॅम. पावसाने गार झालेल्या काचेला आतली उबदार, दमट हवा टेकली की न मावणारे बाष्प थेंब होऊन काचेवर बसते. आपला श्वास आणि ओले कपडे त्यात भर घालीतच असतात. पुसल्याने थेंब जातात, बाष्प तसेच राहते. म्हणून पंखा चालू करून हवा समोरच्या काचेकडे वळवावी, बाहेरची हवा आत घ्यावी आणि खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात. चार थेंब अंगावर आले तरी चालतील. ज्यांच्या गाडीत ए.सी. आहे त्यांनी तो पावसातही लावावा, कारण तो हवा कोरडी करतो. मात्र ए.सी.मुळे फार गार झालेल्या काचेवर बाहेरून दव धरले, तर वायपर फिरवावा आणि गारवा कमी करावा.

एवढे करूनही आमच्या काचा धूसरच राहत होत्या. तेव्हा गॅरेजमधल्या मेस्त्रीने पायाखालचे रबरी मॅट उचलले. त्याखालचे जाड अस्तर पाण्याने गच्च भिजलेले होते! समोरच्या काचेखालच्या पन्हळीत बदामाची पाने कुजून पाणी जाण्याची वाट बंद झाली होती. दारांच्या तळाशी असलेली बारीक भोके चिखलाने बुजली होती आणि दारांचे रबर ताठ झाले होते. मेस्त्री म्हणाला, ए.सी.च्या गाडीत त्याची पाणी सोडणारी नळी तुंबली, तरी असेच पाणी आत साचते.

वाटा मोकळ्या केल्या, रबर बदलले, अस्तर काढून उघडिपीच्या तीन दिवसांत उन्हात वाळवले. अस्तराखालच्या पत्र्याला गंज धरू लागला होता. तो घासून त्यावर रंग दिला. गाडीत मिठाची पुरचुंडी ठेवण्याचा सल्लाही कोणी दिला होता. पण हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच विरघळू लागते आणि आपल्याकडे पावसाळाभर तीच स्थिती असते. शिवाय पाणी आत येण्याची वाट उघडीच असेल, तर शोषून घेणारे कोठवर पुरे पडणार?

वाचकहो, आपल्या दारातही अशी एखादी जुनी गाडी असेल, तर पावसाळ्यापूर्वी एकदा तिचे मॅट उचलून हात लावून पाहा. काचेवर दिसते ते केवळ लक्षण; दुखणे बहुधा पायाखाली असते. आणि स्वच्छ काच ही काही चालवणाऱ्याच्या सोयीची गोष्ट नव्हे. अंधारात, पावसात, कडेकडेने पायी जाणाऱ्याचे ते आपल्याकडे असलेले देणे आहे.