हंगामाचें मेज

पाहुण्यापुढें अन्न ठेवण्यापूर्वीं त्याच्यासाठीं जागा सजविणें हा मनुष्याचा फार जुना धर्म आहे. महाराष्ट्रांत जेवणाचें मेज घरोघर आलें तें त्या मानानें अलीकडे. परंतु पंगतीची शोभा आम्हांस नवी नाहीं. पाट मांडावा, पानाभोवतीं रांगोळी काढावी, समई लावावी, मीठ वर मध्यावर, चटण्या-कोशिंबिरी डाव्या हातास आणि भाज्या उजव्या हातास वाढाव्या, अशी रीति जेथें आजीपासून नातीपर्यंत चालत आली, तेथें मेज सजविणें हा परकी डौल आहे असें कोणीं म्हणूं नये. दोन्ही ठिकाणीं सजावटीचा अर्थ एकच: आपण येणार हें आम्हांस ठाऊक होतें, आणि आम्ही आपली वाट पाहत होतों.

आमच्या वसतिगृहांत दरवर्षीं नोव्हेंबरांतील एका रविवारीं हंगामाची उपकारस्तुति होते. सकाळीं उपासना, आणि नंतर मुलें, पालक व शिक्षक यांचें एकत्र भोजन. त्या दिवशींचें लांब मेज सजविण्याचें काम आम्हां कांहीं शिक्षकांकडे व वरच्या वर्गांतील मुलामुलींकडे असतें. ही सजावट घरीं करतां येईल काय, असें पुष्कळ पालक विचारतात. त्यांच्यासाठीं आणि पुढें हें काम हातीं घेणाऱ्या मुलांसाठीं चार गोष्टी येथें लिहितों.

हंगामाच्या मेजाचें जें चित्र पुस्तकांत दिसतें तें थंड देशांतलें आहे. १८१३ सालीं अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी, गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट, मुंबईस उतरले. ते अमेरिकेच्या ज्या न्यू इंग्लंड प्रदेशांतून आले, तेथें ऑक्टोबर महिन्यांत मेपल वृक्षांचीं अरण्यें तांबडींलाल होतात. दिवस लहान होऊं लागला व थंडी वाढली म्हणजे पानांतील हरितद्रव्य नाहींसें होतें, आणि त्याच्याखालीं झांकलेला पिंवळा रंग उघडा पडतो. तांबडा रंग मात्र त्याच दिवसांत पानांत नव्यानें तयार होतो. तीं पानें, पिकलेले भोपळे, मक्याचीं कणसें व सफरचंदें यांनीं तेथील लोक मेज सजवितात. इंग्लंडांतही कॉर्नवॉलमधील मॉर्वेनस्टो गांवचे पाळक रॉबर्ट हॉकर यांनीं १८४३ सालीं चर्चमध्यें हंगामाची उपासना केली, व तेव्हांपासून चर्च धान्याफळांनीं सजविण्याची चाल तिकडे पसरली.

या सणाच्या इतिहासांतील एक गोष्ट आम्ही मुलांस आवर्जून सांगतों. १६२१ सालीं प्लिमथ येथें वसाहतवाल्यांनीं पहिल्या पिकाचें जेवण केलें, तेव्हां त्यांच्यापैकीं सुमारें निम्मे लोक आदल्या हिवाळ्यांत मरून गेले होते. मका कसा पेरावा हें त्यांस त्या भूमीच्या मूळ रहिवाशांनीं शिकविलें, आणि ते रहिवासीही त्या जेवणास बसले होते. पुढें त्याच लोकांची भूमि त्यांच्या हातून गेली, हेंही मुलांपासून लपविणें बरें नव्हे. पुढें १८६३ सालीं अध्यक्ष लिंकन यांनीं सर्व राष्ट्रासाठीं उपकारस्तुतीचा दिवस नेमिला, तेव्हां त्या देशांत भाऊबंदकीचें युद्ध चालू होतें आणि घरोघर कोणी ना कोणी मेलेला होता. म्हणजे हें मेज केवळ भरल्या कोठारांचें मेज नव्हे. याचें कारण पुढें येईल.

आमच्या मुलखांत शरदांत पानें झडत नाहींत. आमची पानगळ माघ-फाल्गुनांतली. एका वर्षीं शहरांतील दुकानांतून कागदी मेपलचीं पानें आणावींत अशी सूचना निघाली. तीं दिसावयास सुरेख होतीं. परंतु हें कोणत्या झाडाचें पान, असें एका लहान मुलीनें विचारल्यावर तें झाड पाहिलेला एकही मनुष्य आमच्यांत निघाला नाहीं. तेव्हां ज्या झाडाची सावली आपल्या अंगावर पडत नाहीं त्याचें पान आपल्या मेजावर नको, असें ठरलें. शरदाचे उबदार रंग आमच्याकडे शेतांत व डोंगरउतारांवर उतरतात. कारळ्याचें पिंवळें फूल, झेंडूचा केशरी व तांबूस रंग, बाजरीचें करडें कणीस, नाचणीचें वळलेलें तांबूस बोंड, भाताची सोनेरी लोंबी, भुईमुगाची मातकट शेंग, लाल भोपळ्याची फोड: एवढी संपत्ति असतां कागद विकत कशास आणावा? दसऱ्यास दारावर झेंडूचें तोरण चढतें, आणि कोंकणांत नव्या भाताच्या लोंब्या दाराशीं बांधतात. आम्ही दाराची तीच शोभा मेजापर्यंत आणितों, इतकेंच.

आतां प्रत्यक्ष मांडणीविषयीं. मेजावर पांढऱ्या चादरीऐवजीं गव्हाळ रंगाची जाडीभरडी खादी घालावी. तिच्यावर धान्याचा रंग खुलतो. मध्यभागीं एक मोठा लाल भोपळा ठेवावा व त्याच्या दोहों बाजूंस पितळेचे तांबे मांडून त्यांत कणसें व फुलें उभीं करावींत. झेंडूच्या देंठाचीं पाण्यांत बुडणारीं पानें काढून टाकावींत, नाहींतर पाणी लौकर कुजून त्यास वास येतो. कणसें आदल्या दिवशीं उन्हांत वाळवून झटकून घ्यावींत, म्हणजे त्यांतील किडे ताटांत उतरत नाहींत. मधून मधून सीताफळें व शेंगा पसराव्यात. आपट्याच्या फांद्या मात्र ओरबाडूं नयेत. डहाळी न मोडतां घेतलेलीं पांचदहा पानें पुरेशीं होतात. दिवे पणत्यांचे असावेत, व ते वाळल्या कणसांपासून वीतभर दूर असावेत.

दोन नियम आम्ही कधीं मोडीत नाहीं. पहिला हा कीं, बसलेल्या मनुष्यास समोरच्याचें तोंड दिसूं देणार नाहीं इतकी उंच कोणतीही वस्तु मेजावर असूं नये. सजावट माणसांसाठीं आहे, माणसांच्या मध्यें उभी राहण्यासाठीं नव्हे. दुसरा नियम जिवाचा आहे. पिंवळी कण्हेर, जिला कोणी बिट्टी म्हणतात, तिचीं फुलें रंगानें शरदास फार शोभतात. गुंजांचा तांबडाकाळा दाणा तर मुलांस मोत्याहून प्रिय. परंतु कण्हेर, बिट्टी व गुंज हीं तिन्ही विषारी आहेत, आणि त्यांनीं जीवही जातो. जेथें अन्न आहे व लहान मुलांचे हात पोंचतात तेथें हीं येऊं देऊं नयेत. पालकांनीं घरींही एवढी गोष्ट लक्षांत ठेवावी.

मेज मांडून झालें कीं आम्ही मुलांस एक प्रश्न घालतों: यांतलें मूळचें या देशांतलें काय? झेंडू आम्हांस दसऱ्याइतका जुना वाटतो. पण तो मेक्सिकोकडचा. लाल भोपळा, भुईमूग, सीताफळ आणि ताटांतली मिरची हींही अमेरिका खंडांतूनच समुद्र ओलांडून आलीं. नाचणी व बाजरी फार प्राचीन काळीं आफ्रिकेंतून आल्या. या सर्वांस आमच्या मातीनें आपलें म्हटलें, आणि आज त्यांच्यावांचून आमचा सण होत नाहीं. जें मातीस साधलें तें माणसांस साधूं नये काय? आमच्या मेजाशीं निरनिराळ्या जातींचीं व धर्मांचीं मुलें एका रांगेंत बसतात. एके काळीं या देशांत असें बसणें सोपें नव्हतें. झेंडूकडे बोट दाखविलें म्हणजे याविषयीं आम्हांस लांब व्याख्यान द्यावें लागत नाहीं.

आतां एका वर्षाची हकीकत सांगतों. २०१९ सालीं दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रांत परतीच्या व अवकाळी पावसानें कहर केला. कापून ठेवलेली बाजरी शेतांत भिजली, उभें पीक आडवें झालें, सोयाबीन व मका कुजले. सुटीनंतर मुलें परत आलीं तेव्हां सजावटीसाठीं धान्य आणण्याचें त्यांस आम्ही सांगूंही शकलों नाहीं. तरी आठवीतल्या एका मुलानें पिशवींतून बाजरीच्या कणसांची एक जुडी आणिली. कांहीं दाणे काळे पडले होते, कांहींना कोंब फुटून ते कणसांवरच वाळले होते. तो म्हणाला, "सर, आमच्या शेतांत यंदा हेंच पिकलें. हें कुठें ठेवूं?"

मुलांत मतभेद झाला. कोणी म्हणालें, पालक येणार आहेत, तीं झेंडूच्या मागें झांकूं. कोणी म्हणालें, बाजारांतून चांगलीं कणसें आणूं. तेव्हां दहावीतली एक मुलगी म्हणाली, "प्लिमथच्या लोकांनीं मेलेल्यांचीं नांवें झांकून जेवण केलें असेल काय?" यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. भोपळा बाजूस सरकविला, आणि तीं काळीं कणसें पितळेच्या तांब्यांत मधोमध उभीं राहिलीं.

त्या रविवारीं प्रार्थना करणाऱ्यांनीं भरल्या कोठारांबद्दल आभार मानिले नाहींत. हात रिकामे असतांही एका मेजाशीं बसतां आलें याबद्दल मानिले. त्या मुलाचे वडील आले होते. त्यांनीं मेजाजवळ जाऊन एक कणीस हातांत घेतलें, अंगठ्यानें चोळून पाहिलें, आणि जपून पुन्हां जागेवर ठेविलें. मग ते मुलाशेजारीं बसले व पोटभर जेवले.

शेताच्या कडेपर्यंत कापणी करूं नका, ती कड गरिबांसाठीं व परक्यांसाठीं राखा, अशी आज्ञा लेवीयाच्या १९ व्या अध्यायांत आहे. आणि रूथेला धान्य मिळालें तें दुसऱ्याच्या शेतांत सरवा वेंचूनच. त्या वर्षापासून मेजाचा एक कोपरा आम्ही मोकळा ठेवितों. ज्यांस पिकलें ते तेथें ओंजळभर धान्य ठेवितात, आणि ज्यांचें गेलें त्यांच्या घरीं तें नांव न घेतां पोंचतें. पाहुणे कधीं कधीं विचारतात कीं, येथें सजावट अपुरी कां राहिली? मुलें त्यांस सांगतात कीं, तो कोपरा अपुरा नाहीं.

जेवण आटोपल्यावर मेजावरची कोणतीही वस्तु फेंकली जात नाहीं. भोपळ्याची दुसऱ्या दिवशीं भाजी होते, शेंगा लहान मुलांच्या खिशांत जातात, कणसें पांखरांसाठीं ओसरीस टांगतात, आणि कोमेजलेलीं पानें खतांत पडतात. झेंडूचीं फुलें सावलींत वाळवून त्यांचें बीं मुलें पुड्यांत बांधून घरीं नेतात. पालकांस विनंति ही कीं, त्या पुड्या फळीवर पडून राहूं देऊं नयेत. जूनमध्यें पहिला पाऊस पडला म्हणजे तें बीं अंगणांत टाकावें. ज्यांच्या घरीं मेज नाहीं त्यांनीं पाटापुढें, आणि ज्यांच्या घरीं पाटही नाहीं त्यांनीं भाकरीच्या टोपल्याशेजारीं दोन फुलें ठेवावींत. जेवावयास येणाऱ्याचें तोंड मात्र दिसत राहावें, म्हणजे झालें.