नातवाची लीग आणि आजीची खतावणी



यंदा मी बेसबॉल शिकले. खेळायला नव्हे हो, हिशेब मांडायला! बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली. त्यानंतर दूधवाल्याचा आणि वाण्याचा सोडून दुसरा हिशेब हाती आला नव्हता. तो आला अमेरिकेतल्या नातवाकडून.

नातू चौदा वर्षांचा. त्याची आणि त्याच्या मित्रांची मिळून आठ संघांची लीग आहे, पण मैदान नाही, बॅट नाही, चेंडू नाही. स्ट्रॅट-ओ-मॅटिक नावाचा खेळ आहे. हॅल रिचमन नावाच्या गृहस्थांनी तो १९६१ साली बाजारात आणला. प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड असतं आणि मागच्या मोसमात तो जसा खेळला तसे आकडे त्यावर छापलेले असतात. टाकायचे तीन फासे. पहिल्यावर १, २ किंवा ३ पडलं तर फलंदाजाचं कार्ड बघायचं. ४, ५ किंवा ६ पडलं तर चेंडू फेकणाऱ्याचं, म्हणजे पिचरचं. उरलेल्या दोघांची बेरीज करायची आणि त्या आकड्यासमोर जे लिहिलंय ते घडलं असं धरायचं. दोन फाशांवर ७ सहा प्रकारे पडतं आणि १२ फक्त एकाच प्रकारे. म्हणून चांगल्या गोष्टी ७ च्या आसपास असलेलं कार्ड भारी.

मुलं हे सगळं व्हिडिओ कॉलवर खेळतात. प्रत्येक संघाचे वर्षाला ५६ सामने. मोसम सुरू होण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहून द्यायचं, कोणता संघ कितवा येणार. शेवटी फरकांची बेरीज होते. तिसरा लिहिलेला संघ पाचवा आला तर २ गुण चुकीचे. ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला, आणि पुढच्या वर्षीची वही त्याने ठेवायची. पैसा एकाचाही नाही. फासे म्हटल्यावर तुमच्या मनात सप्तव्यसनं आली असतील, माझ्याही आली. म्हणून आधी तेवढी खात्री करून घेतली.

गेल्या मोसमात नातवाचा संघ सहावा आला. २५ जिंकले, ३१ हरले. पहिल्या आलेल्याने ३३ जिंकले होते. फोनवर म्हणाला, "आजी, मी लीग सोडतोय. माझा संघच बेकार आहे."

त्याच्या वडलांना वाटलं, बरंच झालं, तेवढाच अभ्यास होईल. मला काही ते पटेना. बापाच्या नोकरीपायी पोराने न्यू जर्सी सोडली आणि टेक्सासात आला. नव्या शाळेत अजून जिवाभावाचं कुणी नाही. जुन्या मित्रांशी बोलायला आठवड्यातून दोनदा हेच एक निमित्त. ते तुटलं तर सूनबाई घरी येईपर्यंत पोरगं एकटंच. पण "सोडू नकोस बाळा" असं म्हणून ऐकेल तो चौदा वर्षांचा मुलगा कसला! म्हणून म्हटलं, "सोड, पण आधी वही पाठव."

वहीचे फोटो आले. मी विजयांचा रकाना बाजूला ठेवला आणि धावांची तेरीज मांडली. नातवाच्या संघाने केलेल्या धावा २७०, दिलेल्या २५०. सहावा आलेला संघ, आणि धावांत २० ने नफ्यात! पहिल्या आलेल्याच्या धावा २६२, दिलेल्या २५८. नफा फक्त ४.

नातवानेच मग मला एक सूत्र सांगितलं. बिल जेम्स नावाचा माणूस कारखान्यात रात्रीचा पहारेकरी होता आणि बेसबॉलचे आकडे मांडत बसायचा. १९७७ साली त्याने स्वतःच पुस्तिका छापून विकायला सुरुवात केली. त्याचं सूत्र असं: केलेल्या धावांचा वर्ग भागिले दोन्हीकडच्या धावांच्या वर्गांची बेरीज. त्यातून निघतं, संघाने शंभरातले किती सामने जिंकायला हवे होते. वर्ग आले म्हणून नाव पायथागोरसचं, काटकोन त्रिकोणाचा काही संबंध नाही. नातवाचं उत्तर आलं ५६ पैकी ३०. जिंकले २५. पहिल्या आलेल्याचं २८, जिंकले ३३.

"म्हणजे मला पाच कमी आणि त्याला पाच जास्त?"

"हो. एकेका धावेने हरलेले सामने मोज."

मोजले. बारा निघाले.

नाणं ५६ वेळा उडवलं तर २८ छापे यायला हवेत, पण तीनचार इकडेतिकडे सहज होतात. फाशांचंही तसंच. खऱ्या बेसबॉलमध्येही तेच. सिएटलच्या मरिनर्स संघाने २००१ साली १६२ पैकी ११६ सामने जिंकले. विक्रमाशी बरोबरी झाली. पुढच्या वर्षी जिंकले ९३. ते काही वाईट झाले नव्हते. अव्वल संघाच्या खात्यात कर्तबगारीबरोबर थोडं नशीबही जमा झालेलं असतं, आणि नशिबाची शिल्लक पुढच्या सालात ओढता येत नाही.

मग यंदाच्या अंदाजाला आम्ही दोघं बसलो. आमच्याकडे सकाळ, त्याच्याकडे आदली रात्र. तीन नियम ठरवले. मागचे विजय धरायचे नाहीत, धावा धरायच्या. फार वर गेलेल्याला आणि फार खाली गेलेल्याला थोडं मध्याकडे ओढायचं. आणि नवी कार्डं आली की कोणाचं काय बदललं ते बघायचं, कारण गेल्या वर्षीचा वाघ यंदा पंचेचाळीस धावा कमी करणारं कार्ड घेऊन येऊ शकतो.

मी त्याचा संघ दुसरा लावला. आजीचं माप थोडं झुकतंच! तो मात्र कार्डं पुन्हा चाळत राहिला. त्याचा मुख्य पिचर गेल्या मोसमात बराच काळ दुखापतीने बाहेर होता, त्यामुळे नवं कार्ड अपुरं. बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आजी, मी स्वतःला चौथा लावतो."

"वाईट नाही वाटत?"

"चौथा आहे, म्हणून चौथा लिहिलं."

मैत्रिणींनो, लीग सोडतो म्हणणारा आणि हे म्हणणारा मुलगा एकच. मध्ये गेली होती एक वही. आपल्याकडे पोर सहावं आलं की आपण एकतर त्याला बोलतो, नाहीतर परीक्षकाला. धावांचा रकाना उघडून कोणी बघत नाही. तिथे त्याची मेहनत लिहिलेली असते, आणि कुठे कमी पडलं तेही तिथेच असतं.

मोसम आता अर्ध्यावर आलाय. २८ पैकी त्याने १५ जिंकले, सध्या तिसरा आहे. मी विचारलं, "आता अंदाज बदलायचा का?" तर म्हणे, एकदा लिहून दिलेला कागद बदलता येत नाही. आणि धावांत तो फक्त सहाने नफ्यात आहे, तेव्हा चौथाच बरोबर.