खरे, पण सापडले नाही

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाची एक चैन असते. तो खुशाल खोटे लिहितो आणि लोक ते खरे मानून डोळे पुसतात. पण याच माणसाने एखादे वेळी अगदी खरे लिहावे आणि ते कुणालाच पटू नये, ही पाळी माझ्यावर आली ती एका मोटारीपायी.

मोटार तरी कसली! एका चित्रकलेच्या मास्तराने, गुडघेदुखीमुळे आईला बसमध्ये चढता येईना म्हणून घेतलेली जुनी आल्टो. २०२२ च्या ऑगस्टात एका रात्री आईच्या छातीत दुखू लागले. तिला याच गाडीतून इस्पितळात नेले, गाडी रस्त्याच्या कडेला लावली, कुलूप लावले आणि वर धावलो. मागाहून पाऊस सुरू झाला. दोनच्या सुमारास आईची शाल आणायला खाली उतरतो, तो गाडी नाही! सारा रस्ता ओला आणि गाडीएवढा एक चौकोन मात्र अजून कोरडा. म्हणजे चोर नुकताच गेला होता.

त्याच रात्री पोलिसांत फिर्याद नोंदवली. पुढचे सोळा दिवस मी आईच्या उशाशी होतो. विमा कंपनीला कळवायचे असते हे सतराव्या दिवशी आठवले.

महिने गेले. गाडी मिळाली नाही. ‘ए समरी’ झाली, असे हवालदारांनी सांगितले. ‘‘म्हणजे काय हो?’’ मी विचारले. ‘‘म्हणजे मास्तर, गुन्हा खरा, पण सापडला नाही.’’ पोलिसांनी मला खरे मानले, एवढ्यानेही मला बरे वाटले. दोन्ही किल्ल्या कंपनीच्या हवाली केल्या. दुसरी तर देवघरातल्या डबीतून काढून दिली. आणि काही दिवसांनी पत्र आले: चोरीची खबर ताबडतोब दिली नाही, सबब अटीचा भंग, सबब दावा अमान्य.

विमापत्रावर गाडीची किंमत १,२०,००० रुपये होती. ती गेली असे समजून मी गप्प बसलोही असतो. पण आईने ते पत्र ऐकले. ‘‘माझ्या दुखण्यापायी तुझी गाडी गेली, आता पैसेही गेले,’’ एवढेच म्हणाली. आठ दिवसांनी सौ.ला फडताळात कागदाच्या पुडीत गोळ्यांचे अर्धे अर्धे तुकडे सापडले. आई गोळी मोडून घेत होती. माझा खर्च वाचवत होती!

त्या रात्री मी कंपनीला सहा पानी पत्र लिहिले. त्यात पाऊस होता, कोरडा चौकोन होता, आईची शाल होती. सौ.ने ते वाचले आणि शांतपणे म्हणाली, ‘‘अहो, ही कादंबरी नव्हे. तारखा घाला.’’ सहा पानांचे अर्धे पान झाले. इतकी निर्दय काटछाट माझ्या कोणा संपादकानेही कधी केली नाही!

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने नकारच कायम ठेवला. मग आमच्या शाळेतल्या एका वकील पालकांनी विमा लोकपालाची वाट दाखवली. आधी कंपनीकडे तक्रार करायची, तिथे नकार आला किंवा महिनाभरात उत्तरच आले नाही, तर वर्षाच्या आत लोकपालाकडे जायचे. फी नाही, आणि वकीलही चालत नाही. आपले आपणच बोलायचे. शिवाय २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला आहे, की गाडी चोरीला जाताच पोलिसांत फिर्याद दिली असेल आणि चोरी खरी ठरली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा नाकारता येत नाही. हे ऐकून मला वाटले, मुंबई-दिल्लीच्या मोठ्या माणसांनी नव्हे, माझ्यासारख्याच कुणीतरी आधी हेलपाटे घातले असतील. त्याच्या पायवाटेने मी चाललो आहे.

पुण्याला सुनावणी झाली. कंपनीतर्फे आलेला मुलगा माझ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या वयाचा. हातातला कागद वाचून म्हणाला, ‘‘सतरा दिवसांचा विलंब आहे.’’ मला सोळा दिवसांची सारी कहाणी सांगावीशी वाटली. पण सौ.चे अर्धे पान आठवले. मी फिर्यादीची प्रत ठेवली आणि तिच्याशेजारी इस्पितळाचा कागद ठेवला. तारखा आपापसांत बोलल्या. मुलाने मान खाली घातली. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष!

२०२३ च्या दिवाळीआधी निकाल लागला. हजार रुपयांची नेमाची कपात वजा जाऊन बाकीची रक्कम द्यावी, असा हुकूम झाला. मी आईला वाचून दाखवला. रक्कम किती, हे तिने विचारलेच नाही. ‘‘म्हणजे पटले त्यांना?’’ एवढेच विचारले.

‘‘पटले.’’

‘‘मग ती गोळी दे इकडे,’’ ती म्हणाली, आणि अख्खी गोळी पाण्याबरोबर घेतली.

त्या पैशांत नवी मोटार काही आली नाही. आईला डॉक्टरांकडे न्यायला आता दारात रिक्षा येते. आमची आल्टो कुठे असेल कुणास ठाऊक! दप्तरी तिची नोंद खरे, पण सापडले नाही अशीच राहणार. आमच्यापुरते म्हणाल, तर जे हरवले होते ते सापडले.