पार्ल्यातली फियाट आणि न घेतलेली पावती

लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मामाकडे मुंबईला जायचो. दादरला उतरून लोकल धरायची आणि विलेपार्ल्याच्या फलाटावर पाय ठेवायचा, तोच बिस्किटे भाजल्याचा गोड वास नाकात शिरायचा. तो कारखाना १९२९ साली उभा राहिला आणि २०१६ साली बंद झाला. या गावाचे नाव त्या बिस्किटाने देशभर नेले. आपल्याकडे बांधावर चहाबरोबर बिस्किटाचा पुडा फोडणाऱ्याला ठाऊकही नसते, की हे एका गावाचे नाव आहे.

पार्ल्याच्या पूर्वेकडे मराठी मध्यमवर्गाची जुनी वस्ती. पार्ले टिळक विद्यालय १९२१ चे, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. पु. ल. देशपांडे याच पार्ल्यात वाढले. मामाही इथलेच होऊन गेले. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळाहून ते शाळामास्तरकी करायला मुंबईत आले आणि निवृत्त होईपर्यंत पार्ल्यातच राहिले. आयुष्यात त्यांनी एकच चैन केली. १९८४ साली कर्ज काढून फियाट घेतली.

खरे म्हणजे ती प्रीमियर पद्मिनी. पण १९७४ साली नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी फियाटच राहिली. ही गाडी पार्ल्यापासून फार लांब नाही, कुर्ल्याला बनायची. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली काढली वालचंद हिराचंद यांनी. हे गृहस्थ सोलापूरचे. आमच्या तालुक्यात माळरानावर ऊस उभा करून साखर कारखाना काढणारे आणि वालचंदनगर वसवणारे तेच. मामा म्हणायचे, "अरे, ही गाडी म्हणजे आपल्या तालुक्याचीच लेक."

मामा वारले आणि गाडी तीन वर्षे इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी राहिली. आता पार्ल्यातल्या जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचे काम घरोघर चालू आहे. मामींच्या इमारतीचीही पाळी आली. एका महिन्यात जागा मोकळी करायची होती. मामींचा फोन आला, "भंगारवाला दारात येऊन गेला रे. मला काही देववेना. तू गावी घेऊन जातोस का?"

मी दहा दिवसांची रजा टाकली आणि निघालो.

गाडी जवळच्या एका गॅरेजात ओढून नेली. बॅटरी, प्लग, पॉइंट, तेल बदलल्यावर इंजिन सुरू झाले. ब्रेकची रबरे मात्र वाळून गेली होती. चाकाजवळ एक लहानसे सिलिंडर असते. पेडल दाबले, की तेलाच्या दाबाने त्यातली रबराची वाटी पुढे सरकते आणि ब्रेक लागतो. चारही चाकांच्या वाट्यांचा संच आणायला मी स्वतः गेलो. शहरातल्या एका दुकानदाराने दोन संच पुढे ठेवले. एकावर कंपनीचे नाव, किंमत, महिना-साल सगळे होते. दुसरा साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, १४० रुपयांनी स्वस्त. "माल एकच आहे साहेब, फक्त डबा नाही," तो म्हणाला. मी स्वस्तातला घेतला. पावतीही मागितली नाही.

चौथ्या दिवशी मामींना डॉक्टरांकडे नेत होतो. शाळा सुटायची वेळ. हनुमान रस्त्यावर पोरांची गर्दी. समोर पपईची हातगाडी, तिच्या पलीकडे दप्तरे पाठीवर घेतलेल्या चार मुली. मी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली जाऊन टेकले. पायाखाली काही लागलेच नाही. हँडब्रेक ओढला, गाडी खालच्या गिअरात टाकली, आणि हातगाडीला धक्का देऊन ती थांबली. चार पपया रस्त्यावर फुटल्या. मुली ओरडून बाजूला पळाल्या. कुणाला खरचटलेही नाही. मामींनी माझा दंड धरला होता, तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही. बोलल्या मात्र काहीच नाहीत.

शेजाऱ्यांनी एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा पत्ता दिला. मूळचे राजापूरकडचे, तरुणपणी कुर्ल्याच्या कारखान्यात उमेदवारी केलेले. त्यांनी मागचे चाक खोलले. आतली बाजू तेलाने भिजली होती. वाटी बोटात धरून त्यांनी दाबली, तर तिची कड पिठाच्या गोळीसारखी दुमडली आणि तशीच राहिली.

"साहेब, हे ब्रेकचे रबरच नव्हे. तेलात चार दिवसांत मऊ पडले. या गाडीत चारही चाकांना एकाच नळीतून तेल जाते. एक वाटी गळली, की चारही ब्रेक गेले. पावती कुठाय?"

मी गप्प राहिलो.

वाचकहो, राहुरीहून बी.एस्सी. (कृषी) होऊन मी शेतीखात्यात लागलो. तेव्हापासून गावोगाव एकच सांगत आलो: बियाणे सुटे घेऊ नका. पिशवीवरचे लेबल वाचा, लॉट नंबर पाहा, पक्की पावती घ्या, आणि पिशवी, लेबल व मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही, तर तक्रारीला हाच आधार. हे मी चावडीवर, देवळात, पारावर सांगितले. आणि स्वतः मात्र १४० रुपये वाचवायला सुटा माल बिनपावतीचा घेऊन त्यावर मामींना बसवले. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रींच्या मागे हिंडलो. त्यांचा पहिला नियम: कुठला भाग जुना चालेल आणि कुठला चालणार नाही, हे आधी ठरवा.

दाराची कडी, काच खाली-वर करायचा दट्ट्या, बंपर हे जुने चालतात. त्यासाठी आम्ही कुर्ल्याच्या सी.एस.टी. रस्त्यावर गेलो. तिथे जुन्या गाड्यांच्या भागांची दुकानेच दुकाने आहेत. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे वर्षानुवर्षे हीच पद्मिनी. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. तिची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली आणि पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. गाडीचे उत्पादन तर त्याच्याही आधी थांबले होते. तेव्हा असे भाग आता भंगारातूनच शोधायचे. कडी आम्हाला मूळ बनावटीची मिळाली.

लोखंडाचे, पितळेचे पण झिजणारे भाग, म्हणजे बेअरिंग किंवा गिअरची चाके, यांसाठी ऑपेरा हाऊसजवळच्या सुट्या भागांच्या दुकानांत गेलो. तिथे एखाद्याच्या फळीवर जुना पण न वापरलेला माल असतो. ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला, गंज नसलेला असा भाग मिळाला तर सोने. बेअरिंगच्या कडेवर नंबर आणि कंपनीचे नाव कोरलेले असते, ते जुन्याशी ताडून पाहायचे.

रबराचे मात्र उलटे. एका दुकानदाराने वीस वर्षे डब्यात राहिलेल्या अस्सल कंपनीच्या वाट्या काढल्या. मला मोह पडला. मिस्त्रींनी वाटी वाकवली, कडेला केसासारख्या भेगा दिसल्या. "रबर डब्यातही म्हातारे होते साहेब. ते ताज्या तारखेचेच हवे." शेवटी नव्या बनावटीच्या वाट्या घेतल्या. वाटीवर माप उठवलेले होते, डब्यावर बनवल्याचा महिना-साल होता. जुनी वाटी आम्ही सोबतच नेली होती. मिस्त्रींनी व्हर्नियरने दोन्ही मोजून पाहिल्या. एका सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे होते. ते सबंध बदलले, कारण खडबडीत भिंतीवर नवी वाटीही फाटते. ब्रेकचे तेल सीलबंद डब्याचे घेतले. ते हवेतला ओलावा ओढते, म्हणून उघडा डबा घ्यायचा नाही. आणि रबरे रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलने धुवायची नाहीत, त्याने ती फुगतात.

मिस्त्रींनी पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्याही बदलायला लावल्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. आपल्या उसापासूनही ते बनते आणि त्याचा पैसा आपल्या कारखान्यांना मिळतो. पण १९८४ च्या गाडीची रबरे त्यासाठी बनलेली नव्हती, ती लवकर खराब होतात. शिवाय इथेनॉल पाणी धरते. गाडी महिनोन् महिने उभी ठेवली, तर टाकीला गंज चढतो. ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल मोटरसायकल आहे, त्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

प्रत्येक ठिकाणी मी पावती मागितली. दोघे दुकानदार कुरकुरले. तिथून आम्ही निघून आलो.

निघायच्या दिवशी मामी खाली आल्या. गाडीला हळदकुंकू लावले. मग स्वतःच दार उघडून बसल्या. म्हणाल्या, "स्टेशनपर्यंत एक फेरी मार. ब्रेक लागतो का ते मला बघू दे." पार्लेश्वराच्या देवळावरून आम्ही फेरी मारली. डोक्यावरून विमान घरघरत गेले. हनुमान रस्त्यावर तो पपईवाला होता. मी ब्रेक दाबला, गाडी त्याच्यापासून दहा हात अलीकडे उभी राहिली. तो हसला. मामींनी दोन पपया घेतल्या आणि उतरताना एवढेच म्हणाल्या, "आता ने."

जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना गाडी तापली. दोनदा थांबून पाणी पाजले, आणि रात्री घरी पोचलो. नाव बदलून गाडी माझ्या नावावर करायची आहे. १५ वर्षांवरील खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी तपासणी करून नवी करावी लागते, तीही आता आली आहे.

आपल्या ट्रॅक्टरला ब्रेक आहेत, आणि त्याच्या मागे भरल्या उसाची ट्रॉली असते. तिच्यावर कधी कधी आपलीच पोरे बसलेली असतात. मडगार्ड, सीट, दिव्याची काच स्वस्तातली घ्या, खुशाल घ्या. ब्रेक, स्टिअरिंग आणि ट्रॉलीची पिन यांत पैसे वाचवू नका. जुना भाग सोबत न्या, नंबर आणि माप ताडा, तारीख वाचा, पावती घ्या.

बियाण्याच्या पावत्यांचा पत्र्याचा डबा आमच्या घरी फडताळात असतो. ब्रेकच्या पावत्या मी आता त्यातच ठेवल्या आहेत. दुमडलेली ती वाटीही त्यात आहे. यापुढे बियाण्याच्या सभेला जाताना ती खिशात टाकून नेणार आहे.