मधला खटका

औंढा नागनाथाहून परतताना मेडशी मागे पडली आणि पातूरचा घाट लागला. उतारावर मी अ‍ॅक्सिलेटर सोडला. काटा 80 वरून 60 कडे उतरत होता, तोच हँडल असं थडथडायला लागलं की आरशातला ट्रक दिसेनासा झाला. घाबरून मुठी आवळल्या, तर ते आणखीच नाचलं. मग टाकीवर वाकलो, पकड सैल केली, ब्रेकला हात न लावता वेग उतरू दिला. पस्तिशीला येताच हँडल शांत झालं. माझे गुडघे मात्र पातूर येईपर्यंत थरथरत होते.

दुखणं नवं नव्हतं. दोन महिन्यांपासून 50-60 च्या दरम्यान हँडल बारीक कुरकुरायचं. अकोल्यात एकाने पुढचं टायर बदलायला लावलं, दुसऱ्याने आरे कसून रिंगचा आऊट काढला, तिसऱ्याने शॉकअपचं ऑइल बदललं. दरवेळी चार दिवस बरं वाटे; पैसे मोजल्यावर वाटतंच. टायर तसंही झिजलं होतं, त्याचं दुःख नाही. पण चाक उचलून हँडल फिरवून पाहायचं कुणालाच सुचलं नाही. मी पॉलिटेक्निकात यंत्रशास्त्र शिकवतो, मलाही नाही.

पातुरात रस्त्यालगत टिनाच्या शेडमध्ये एक तरुण मिस्त्री भेटला. गाडीला हात लावण्याआधी त्याने कॅरिअरकडे पाहिलं.

"भाऊ, हे सारं बिऱ्हाड मांगं काहून बांधलं?"

"मग कुठे बांधू?"

"जड सामान पुढं घ्या, टाकीवर. मांगं ओझं झालं का पुढचं चाक हलकं होते, अन् हलकं चाक नाचते."

गाडी मेन स्टँडवर घेऊन त्याने इंजिनखाली लाकडाचा ठोकळा सारला. पुढचं चाक अधांतरी झालं. खाली बसून दोन्ही शॉकअप धरले, पुढेमागे ओढले. कट्. मग एका बोटाने हँडल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेलं. अगदी मधोमध ते क्षणभर अडलं.

"कोनसेट गेला तुमचा. लावा बोट, तुमीच पाहा."

मी बोट लावलं. खटका स्पष्ट लागत होता.

गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून खड्ड्यांचा सगळा मार कोनसेटच्या, म्हणजे हँडल ज्या छर्ऱ्या-वाट्यांवर फिरतं त्यांच्या, एकाच जागी बसतो. छर्रे वाटीत खळगे पाडतात. मग हँडल मध्यावर धड मोकळं फिरत नाही, आणि वाट्यांत ढिलाई आली की धड स्थिरही राहत नाही. रॉबिन शार्प या इंग्रज अभियंत्याने 1971 साली मोटरसायकलच्या स्थिरतेचं गणित मांडलं. गाडीचं सावकाश नागमोडी डोलणं आणि पुढच्या चाकाचं सेकंदाला सात-आठ वेळा थरथरणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे त्यात दिसतं. ते मी मुलांना शिकवतो. घाटात मात्र फक्त देव आठवला.

नवा कोनसेट त्याच्याकडे नव्हता. त्याने नट सोडला, काळं पडलेलं ग्रीस पुसलं, खालची वाटी ठोकून काढून थोडी फिरवून बसवली, म्हणजे जुने खळगे आता मध्यावर येणार नाहीत. नवं ग्रीस भरलं. नट कसताना तो पुन्हा पुन्हा थांबून हँडल सोडून पाहत होता. ढिलाई गेली पाहिजे, आणि तरी हँडल आपल्या वजनाने दोन्हीकडे पडलं पाहिजे.

"लय कसलं तर गाडी सरळ चालत नाही. हे अकोल्यापुरतं हाये भाऊ. साठच्या वर नेऊ नोका, अन् मंग टेपर बेअरिंग टाकून घ्या."

दोनशे रुपये मागितले. मी जास्त देऊ केले, तर त्याने चहा सांगितला.

अकोल्यात टेपर बेअरिंग बसवलं. नव्या वाट्या काही दिवसांत जागा धरतात, म्हणून तीनेकशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घेतला. आता रिकामी गाडी उतारावर गुमान चालते. कॅरिअरवर मुद्दाम ओझं बांधून पाहिलं तेव्हा साठीला हँडल पुन्हा किंचित हुळहुळलं. तेवढं ओझ्याचंच होतं, बेअरिंगचं नव्हे.

तुमचं हँडल नाचत असेल, तर नवं टायर घेण्याआधी पुढचं चाक उचला आणि एका बोटाने हँडल फिरवून पाहा. पाच मिनिटं लागतात.