पिंपाखालचा पत्रा

मॅटाडोरच्या तळाचं प्लायवूड उचललं की तिच्यात कुठं काय असायचं ते कुणाला विचारावं लागत नाही. मागच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याचं पिंप असे. तिथला पत्रा हात लागताच पापुद्र्यांनी गळाला. मधोमध शिध्याची पोती आणि राहुट्यांचे गठ्ठे असत. तिथला निळा रंग अजून शाबूत आहे. स्टोव्ह जिथं पेटे, त्या बाजूला रंगाला फोड आलेत.

ही गाडी बाबांनी घेतली ती ऐंशीच्या दशकात. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. १९५८ साली जर्मन टेम्पोच्या सहकार्यानं तीनचाकी गाड्या बनवत सुरू झालेली ही कंपनी. आज तिचं नाव फोर्स मोटर्स. मॅटाडोरचं इंजिन ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मध्ये, झाकणाखाली. पौषातल्या पहाटे त्या गरम झाकणाशेजारच्या जागेसाठी आम्हा भावंडांत भांडणं होत. वैशाखात तिकडे कुणी फिरकत नसे.

हंगामात ती खामगावच्या बाजारात कापूस न्यायची. आषाढी जवळ आली की सुतार येऊन घडीच्या फळ्या बसवी आणि गाडी दिंडीबरोबर पंढरपूरला निघे. वारकरी चालत, गाडी पुढं मुक्कामाला पोचे. चुली मांडल्या जात, आणि पाऊस आला की आम्ही पोरं पोत्यांवरच झोपत असू. आमच्या नांदुऱ्याबाहेरचं जग मी पहिल्यांदा पाहिलं ते याच गाडीच्या मागच्या काचेतून.

पुढं माझं लग्न झालं, बाबा थकले, नोंदणीची मुदत संपली आणि गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली. आता ती दुरुस्तीसाठी गॅरेजमध्ये आहे. आधी बॅटरी, मग डिझेलची टाकी काढली. नट-बोल्ट कुठला कुठला ते कागदावर लिहून डब्यांत वेगळे ठेवलेत. ते एकत्र झाले तर सगळ्यांनाच त्रास.

मिस्त्री लहान हातोडी घेऊन बाजूनं ठोकत निघतो. पत्रा घट्ट असेल तिथं खणखणीत आवाज येतो. लांबी भरलेली असेल तिथं बद्द. शंका आली की लोहचुंबक लावतो. चाकावरच्या कमानीपाशी तो चिकटलाच नाही. ‘‘ताई, इथं पत्राच नाही राह्यला, नुसती लांबी हाय,’’ तो म्हणाला. तासणीनं खरवडल्यावर चार रंगांचे थर निघाले आणि आत बोटभर गाळ. आमची काळी माती अशीच: पावसाळ्यात कमानीत जाऊन बसते, वरून वाळते, आतून ओली राहते आणि त्या ओलीनं लोखंड खाते. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं असतात. पोळ्याला बैल धुतले की बाबा गाडीही धूत आणि तारेनं ती भोकं मोकळी करत. त्यांनी अंथरूण धरल्यापासून ती तशीच तुंबली. आतून दार कुजलं. त्यात कापसाचे तंतूही होते, ओले, काळे पडलेले.

चासी मात्र बरी आहे. स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून पाहिलं, कुठं रुतला नाही. फक्त मागच्या पाट्यांच्या पकडीजवळ गंज खोल गेलाय, तिथं नवं लोखंड बसेल.

पिंपाच्या कोपऱ्यात खालून एक ठिगळ निघालं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, रिव्हेटनं मारलेला. बाबांच्याच हातचा, हे त्या ओबडधोबड कडेवरून मी सांगू शकते. मला ते ठेवायचं होतं. मिस्त्रीनं ते उचकटून दाखवलं: कुजकं न कापताच त्यावर ठिगळ मारलेलं, मधल्या फटीत पाणी साचत गेलेलं, आणि भोवतालचा चांगला पत्राही त्यापायी गेलेला. तेव्हा ते काढायचंच. माझ्या मते जुनी गाडी जपायची तर तिला पुन्हा रस्त्यावर चालता आलं पाहिजे, आणि त्यासाठी कुजलेलं चांगल्या लोखंडापर्यंत कापून काढावं लागतं. ठिगळ मी घरी ठेवणार आहे. गाडीत त्याच जागी कडेला कड जोडून नवा पत्रा बसेल, वर रेड ऑक्साइड, मग निळा रंग.

पिंप पुन्हा त्याच कोपऱ्यात येईल, कारण जेवायला बसणाऱ्यांना तिथूनच पाणी जवळ पडतं. या वेळी खाली लोखंडी चौकट, तिच्यात तबक आणि तबकातून थेट बाहेर जाणारी नळी. चौकटीचं माप मिस्त्रीला कालच दिलं.